नोकरकपात, व्यवस्थापकवर्गाची

एखाद्या कंपनीतील वरिष्ठ अधिकाऱ्याला, त्याच्या हातून कोणताही कसूर घडलेला नसताना, मंदी, विलीनीकरण किंवा खर्चकपात अशा कारणासाठी अल्प मुदतीत सेवेतून दूर करण्याची प्रथा. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी बोलीत कामगाराला ‘हिशेब दिला’ असे म्हणतात. अधिकाऱ्याबाबत मात्र ‘राजीनामा घेतला’ असे म्हटले जाते. हा भेद केवळ शब्दांचा नसून त्यामागे कायद्यातील फरक उभा आहे.

संज्ञा व वाद : वृत्तपत्रे ‘ले-ऑफ’ हा शब्द कायमच्या कपातीसाठी वापरतात. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याचा अर्थ वेगळा होता. कोळसा, वीज, कच्चा माल यांच्या टंचाईमुळे किंवा यंत्र बिघडल्यामुळे मालक काही काळ काम देऊ शकत नाही, पण नोकरीचे नाते तुटत नाही, अशी ती स्थिती होय. तिच्यात पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळे. नाते कायमचे तुटते ती ‘छाटणी’. ‘टाळेबंदी’, म्हणजे वादात मालकाने तात्पुरते काम बंद ठेवणे, ही आणखी तिसरीच गोष्ट असून या शब्दांची सरमिसळ टाळणे इष्ट आहे.

छाटणीची व्याख्या 1953 च्या दुरुस्तीने आली. ‘शिस्तभंगाची शिक्षा सोडून कोणत्याही कारणाने’ सेवा संपवणे म्हणजे छाटणी, या शब्दांचा अर्थ किती व्यापक घ्यावा यावर दीर्घ काळ मतभेद होते. पहिला महत्त्वाचा निर्णय बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांच्या खटल्यात झाला. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर असा येणारा हा अरुंदमापी मार्ग मिरजेला बेळगाव–लोंढ्याच्या मार्गास भेटत असे. 1954 च्या आरंभी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली, तेव्हा जुन्या कंपनीने सेवा संपवल्याबद्दल कामगारांनी भरपाई मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 27 नोव्हेंबर 1956 रोजी संकुचित अर्थ स्वीकारला : चालू उद्योगातील अतिरिक्त मनुष्यबळ कमी करणे हीच छाटणी, उद्योग बंद होणे किंवा दुसऱ्याच्या हाती जाणे ही नव्हे. पुढे 1957 च्या दुरुस्तीने उद्योगाचे हस्तांतर होणे व उद्योग बंद पडणे या दोन्ही प्रसंगी भरपाईची तरतूद केली आणि ती निर्णयाच्या दुसऱ्या दिवसापासूनच लागू केली. 1976 मधील स्टेट बँक विरुद्ध सुंदर मणी या निर्णयाने ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द अक्षरशः वाचले, आणि 1990 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तोच व्यापक अर्थ कायम केला. शब्दरचना पाहता हाच अर्थ अधिक ग्राह्य वाटतो.

अधिकाऱ्याचे स्थान : 1947 च्या कायद्याप्रमाणे किमान वर्षभराची सलग सेवा झालेल्या कामगाराला छाटणीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे, शेवटी आलेल्याला प्रथम कमी करणे हा सर्वसाधारण नियम होता. व्यवस्थापकीय काम करणारा मात्र ‘कामगार’ या व्याख्येबाहेरच राहिला. पर्यवेक्षकासाठी वेतनमर्यादा होती; तिच्याहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही ‘कामगार’ ठरत नसे. ती 2010 मध्ये दरमहा 1,600 रुपयांवरून 10,000 रुपये झाली. त्या कायद्याची जागा घेऊन 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती 18,000 रुपये आहे. त्यामुळे अधिकाऱ्याचा मुख्य आधार नेमणूकपत्रातील नोटिशीचे कलम, भविष्यनिर्वाह निधी आणि पाच वर्षे सेवा झाली असल्यास ग्रॅच्युइटी (पूर्वी 1972 च्या कायद्याखालील, 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेखालील), एवढाच उरतो.

न्यायालये हुद्द्याचे नाव न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात, ही बाब बेळगावच्या उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीत विशेष महत्त्वाची आहे. तेथील फाउंड्र्या व मशीन शॉप वाहने, पंप व हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग करतात, आणि वाहनउद्योगाची मागणी घटली की त्यांच्या पाळ्या कमी होतात. लहान कारखान्यात ‘मॅनेजर’ म्हणवला जाणारा मनुष्य पुष्कळदा स्वतः साचे तपासतो, ओतकामाजवळ उभा राहतो आणि माल रवाना करतो; नेमणूक, रजा, शिक्षा यांचे अधिकार मालकाकडेच असतात. अशाने आपले रोजचे काम कागदपत्रांनी दाखवले, तर तो ‘कामगार’ ठरू शकतो. केवळ हुद्द्याच्या मानापायी हा दावा सोडून देणे नुकसानीचे आहे.

चित्रपटातील चित्रण : या विषयावरील उल्लेखनीय चित्रपट म्हणजे जॉन वेल्स दिग्दर्शित ‘द कंपनी मेन’ (2010). बॉस्टनमधील, जहाजबांधणीतून वाढलेल्या एका उद्योगसमूहातील तीन अधिकाऱ्यांची ही कथा असून बेन ॲफ्लेक, ख्रिस कूपर व टॉमी ली जोन्स यांनी त्या भूमिका केल्या आहेत. तिघांपैकी तरुण विक्री अधिकारी पगार थांबल्यावरही जुना थाट सोडायला तयार नसतो आणि अखेर मेहुण्याच्या हाताखाली घरबांधणीचे काम पत्करतो. कारखान्यातल्या कामापासून वर चढलेला वयस्क अधिकारी आत्महत्या करतो. नोकरी गेल्याचे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून या वयस्क माणसाला रोज सकाळी ऑफिसची बॅग घेऊन घराबाहेर पडावे लागते, हा भाग सर्वांत प्रत्ययकारी आहे.