नव्या टॅटूची निगा

टॅटू काढून झाल्यापासून ती त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत तिची घ्यावयाची काळजी. पुण्यातल्या स्टुडिओंत तिला सरसकट ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. आर्टिस्टचे काम दोन-चार तासांत उरकते. रेघ ठसठशीत राहील की मध्येच तुटक दिसेल, हे मात्र पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरी ठरते. नवा टॅटू हा दागिना नसून आधी जखम आहे, एवढे लक्षात ठेवले तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआप सुचतात.

यंत्राची सुई मिनिटाला शेकडो ते काही हजार वेळा त्वचेत शिरते आणि साधारण १ ते २ मिलिमीटर खोलीवर, म्हणजे बाह्यत्वचेखालच्या अंतस्त्वचेत, शाई सोडते. बाह्यत्वचेच्या पेशी सतत झडून नव्या येतात, त्यामुळे तिथली शाई टिकत नाही. अंतस्त्वचेत शरीराच्या भक्षक पेशी शाईचे कण परके समजून गिळतात, पण ते पचवू शकत नाहीत. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेली शाई शेजारची नवी पेशी उचलते. टॅटू जन्मभर टिकतो तो या हस्तांतरामुळे. काळी शाई त्वचेआडून निळसर-हिरवट दिसते. आजीच्या हातावरच्या गोंदणाचा रंगही याच कारणाने तसा असतो.

गोंदणाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. सुई आणि काजळीने काढलेली तुळस, विंचू किंवा कपाळावरचा ठिपका अनेक घरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत नित्याचा होता, आणि गोंदून झाल्यावर त्यावर हळद लावत. म्हणूनच राजमुद्रा किंवा ‘आई’ ही अक्षरे हातावर घेऊन पोरगा घरी आला, की स्वयंपाकघरातून हळदीचा डबा पुढे येतो. हेतू चांगला, पण घरातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण खपलीत अडकतात आणि पिवळेपणामुळे खालची लाली किती वाढली हे कळत नाही. घरोघरी असलेल्या कैलास जीवनाच्या डबीकडेही हात आपसूक जातो. त्यात कापूर असल्याने उघड्या जागी झोंबू शकते, तेव्हा ताज्या टॅटूपुरती ती डबी बाजूला ठेवलेली बरी. टूथपेस्ट, राख, कॉफी पावडर यांबद्दल लिहिण्यात जागा घालवू नये.

पहिल्या दिवशी जखमेतून लस (पाण्यासारखा स्राव), थोडे रक्त आणि जादा शाई पाझरते. आर्टिस्ट त्यावर साधी पट्टी बांधतो किंवा ‘सेकंड स्किन’ नावाची पातळ, चिकट, पारदर्शक फिल्म लावतो. साधी पट्टी काही तासांनी काढायची असते, तर फिल्म आर्टिस्टने सांगितले तितके दिवस, बहुधा तीन ते पाच, ठेवतात. तिच्याखाली काळपट पाणी साचते. ते पाहून घाबरून लोक स्टुडिओला फोन करतात, पण तेवढे साचणे अपेक्षित असते. कडा सुटून पाणी गळू लागले, तर मात्र फिल्म कोमट पाण्याखाली हळूहळू सोडवून काढून टाकावी, वरून चिकटपट्टी मारू नये. पोळ्या गुंडाळायची प्लास्टिक फिल्म दिवसच्या दिवस बांधून ठेवणे सर्वांत वाईट, कारण घाम आत कोंडतो.

नंतर दिवसातून दोन-तीन वेळा आधी स्वतःचे हात धुऊन, कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घेऊन जागा बोटांनी हलकेच धुवावी व स्वच्छ टिश्यूने टिपावी. पंचा किंवा टॉवेल घासू नये. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या उपनगरी सोसायट्यांत पहिले काही दिवस उकळून गार केलेले पाणी वापरणे शहाणपणाचे. बादली-तांब्याची आंघोळ इथे टबापेक्षा सरस ठरते: पाणी वाहून जाते, जागा भिजत पडत नाही. अंगाला वजरी किंवा घासणी लावणाऱ्यांनी तेवढी जागा सोडावी. दिवाळीच्या तोंडावर टॅटू काढला असेल, तर नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात तेल-उटणे त्या हाताला नको, घरचे काहीही म्हणोत.

मलमाच्या बाबतीत लोक जास्त चुकतात, आणि ते मायेपोटी. मॉइश्चरायझर इतकाच लावावा, की त्वचा ओलसर राहील पण चकाकणार नाही. जाड थराखाली खपली नरम पडून लवकर सुटते आणि तिच्याबरोबर शाईही जाते. बिनवासाचे, पाण्यावर आधारित लोशन चांगले. अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडचे मलम केमिस्टने दिले म्हणून लावू नये, डॉक्टरांनी सांगितले तरच लावावे.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते आणि उन्हाने भाजल्यावर निघते तशी रंगीत साल निघू लागते. ही साल म्हणजे टॅटू पुसला जाणे नव्हे. खाजवणे आणि खपली उपटणे एवढी दोनच कामे या काळात टाळायची असतात आणि नेमकी तीच जमत नाहीत. झोपेत चादरीला चिकटलेला हात झटकून न ओढता आधी पाण्याने भिजवून सोडवावा. साल गेल्यावर काही आठवडे त्वचा मेणचट, धुरकट दिसते. वरची त्वचा दोन ते चार आठवड्यांत भरते, पण आतली दुरुस्ती काही महिने चालते. म्हणून रेघ फिकी वाटली तरी ‘टच-अप’ची घाई करू नये.

पुण्यात खरी अडचण पंचांग आणि वाहतूक यांची होते. शहर दुचाकीवर चालते. ताजा टॅटू दंडावर असेल तर बाहीचे घर्षण, मनगटावर असेल तर ऊन आणि धूळ, मानेवर असेल तर हेल्मेटचा पट्टा. स्कार्फ आणि सनकोट ही इथल्या मुलींची जुनी युक्ती उपयोगी आहे, मात्र कापड सुती, सैल आणि रोज धुतलेले हवे. जखम उघडी असताना सनस्क्रीन लावत नाहीत, झाकणे हाच उपाय. भरून आल्यावर मात्र एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन कायमचे सोबत ठेवावे. एप्रिल-मेमध्ये घाम आणि पावसाळ्यात न वाळणारे दमट कपडे, दोन्ही त्रासाचे. रंगपंचमीचे रंग आणि विसर्जन मिरवणुकीतला गुलाल उघड्या जखमेत गेला तर निव्वळ धुऊन भागेल याची खात्री नाही. ढोल-ताशा पथकातल्यांनी तर सराव सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधीच टॅटू काढून मोकळे व्हावे: कमरेला ढोल आवळलेला, अंगावर घाम आणि मिरवणूक २४ तासांहून अधिक चालणारी. टिळक तलावावरचे पोहणे, खडकवासल्याच्या पाण्यात उतरणे, शनिवार-रविवारची कोकण सहल हे सगळे किमान दोन-तीन आठवडे पुढे ढकलावे. मेक्सिकोच्या आखातात टॅटूनंतर पाच दिवसांनी पोहलेल्या ३१ वर्षांच्या माणसाला व्हिब्रिओ जिवाणूचा संसर्ग होऊन तो दगावल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याला यकृताचा जुना आजार होता, म्हणून घाबरून जाऊ नये, पण समुद्र टाळावा.

पहिले दोन-तीन दिवस लाली, सूज आणि ठणका असतोच, तो ओसरत जातो. तो वाढत गेला, पू किंवा दुर्गंधी आली, लाल रेषा वर चढू लागल्या, ताप आला, तर स्टुडिओला फोटो पाठवत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा ससून रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. प्रत्येक संसर्ग निगेतल्या हलगर्जीपणामुळे होतो असेही नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये २०११-१२ साली उद्भवलेला मायकोबॅक्टेरियम किलोनी या जिवाणूचा संसर्ग आधीच पातळ केलेल्या राखाडी शाईतून आला होता. असे पुरळ आठवड्यानंतर उठते आणि ॲलर्जीसारखे दिसते. खरी ॲलर्जी बहुधा लाल शाईची असते आणि काही वेळा महिन्या-वर्षांनीही डोके वर काढते. खांदा, छाती किंवा कानाच्या पाळीवर पूर्वी कीलॉइड (जखमेबाहेर वाढणारा जाड वण) आलेल्यांनी टॅटू काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत खाजवलेल्या जागी काळे डागही लवकर पडतात.

टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, कारण सुईतून कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्ही आला असल्यास तो सुरुवातीला चाचणीत निसटू शकतो. मंडळांच्या रक्तदान शिबिरांत टेबलावरचा माणूस हे विचारतो, तेव्हा बाही खाली ओढून घेऊ नये.