टीबीसाठी फुप्फुसाची शस्त्रक्रिया : कोणाची होते, कागदपत्रं कोणती लागतात

फुप्फुसाच्या टीबीवर खरा उपचार औषधांचाच. साध्या टीबीत सहा महिन्यांचा कोर्स नीट पूर्ण केला, तर बहुतेकांवर शस्त्रक्रियेची वेळ येत नाही. तिचा विचार मोजक्याच रुग्णांसाठी होतो. एमडीआर टीबीत (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) औषधं चालू असूनही थुंकीत जंतू सापडत राहतात आणि आजार फुप्फुसाच्या एकाच भागात असतो, हे मुख्य कारण. खोकल्यातून वारंवार रक्त पडणं, जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा होणं, फुप्फुसाभोवतीचा पू नळी घालूनही न निघणं, ही बाकीची. दोन्ही फुप्फुसं बरीच खराब असतील किंवा श्वासाची ताकद कमी असेल, तर सर्जन सहसा नकार देतात. खूप रक्त पडू लागलं तर मात्र कागद शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

रुग्णाने भरायचा वेगळा अर्ज सहसा नसतो. जिथे उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांनाच स्पष्ट विचारा, ‘सर्जनचं मत घ्यायचं का?’ ते डीआर-टीबी केंद्राकडे (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचार केंद्राकडे) पाठवतात. मुंबईत शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होतात.

सोबत निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक), उपचार कार्ड, सुरुवातीपासूनचे थुंकीचे सगळे रिपोर्ट (कल्चरचे, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचे, आणि कोणती औषधं लागू पडतात त्याचे), जुने एक्स-रे आणि सीटी स्कॅन न्या. सीटीचा नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही, फिल्म किंवा सीडीच लागते. सर्जन ती स्वतः पाहतात. पुढे श्वासाची चाचणी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), साखर, एचआयव्ही अशा तपासण्या होतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. तुमची शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसते का, हे दाखल होण्याआधीच विचारा. मंजुरीचा प्रस्ताव रुग्णालय पाठवतं. गाडी अडते ती बहुधा नावावर : नव्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, आधारवर सासरचं. ही दुरुस्ती आधीच करून घ्या.

शस्त्रक्रियेनंतरही टीबीची औषधं चालूच राहतात, किती दिवस ते डॉक्टर ठरवतात. काढलेला भाग कल्चरला पाठवला का, हे डिस्चार्जच्या वेळी विचारा. तो रिपोर्ट आला की उपचार केंद्रात नेऊन द्या, पुढची औषधं ठरवताना तो लागतो.