मॉनिटरची फ्रिक्वेन्सी किती?

आज उबुंटू हे लिनक्स बसवताना भाषा, कीबोर्ड, डिस्क आणि पासवर्ड एवढं सांगितलं की काम भागतं. १९९०च्या दशकात लिनक्स बसवणाऱ्याला मात्र प्रश्न यायचा: तुमच्या मॉनिटरचा हॉरिझॉन्टल सिंक किती किलोहर्ट्झ आहे? म्हणजे पडदा सेकंदाला किती हजार आडव्या रेषा काढू शकतो?

उत्तर मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत असायचं, आणि असेंबल केलेल्या पीसीसोबत ती पुस्तिका हाती पडेलच असं नव्हतं. अंदाजपंचे आकडा टाकणंही जोखमीचं. पिक्चर ट्यूबच्या जुन्या मॉनिटरला न झेपणारी फ्रिक्वेन्सी दिली तर तो कायमचा बिघडू शकतो, असा इशारा एक्सफ्री८६च्या, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कागदपत्रांतच दिलेला असे. सगळे आकडे एका टेक्स्ट फाइलमध्ये जायचे. तिथे एक अवतरणचिन्ह सुटलं की खिडक्या उघडायच्याच नाहीत. पुन्हा काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर.

यावर पहिला उपाय निघाला तो फाइलवर मुखवटा चढवण्याचा. लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांतली सेटिंगची साधनं, म्हणजे सुसेचं यास्ट, रेड हॅटसोबत येणारं लिनक्सकॉन्फ, १९९८ साली आलेल्या मँड्रेकची ड्रेक साधनं ही त्याची उदाहरणं. काल्डेरा या वितरणाने तर १९९९ मध्ये फायली कॉपी होईपर्यंत टेट्रिस खेळायची सोय केली! पण प्रश्न पुष्कळदा तेच राहिले, फक्त रंगीत खिडकीतून विचारले जाऊ लागले. किलोहर्ट्झ ठाऊक नसलेल्याला त्या खिडकीचा काय उपयोग?

माझ्या मते खरी सुटका केली ती मॉनिटरनेच. व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने १९९४ मध्ये डीडीसी आणलं. त्यामुळे मॉनिटर आपल्या क्षमतांची यादी, म्हणजे ईडीआयडी, केबलमधूनच संगणकाला कळवू लागला. ही माहिती वाचून वापरायला लिनक्सला मात्र बरीच वर्षं लागली. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी नॉपिक्स हे सीडीवरून चालणारं लिनक्स काढलं. सीडी घाला, मशीन सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता आणि फारसं काही न विचारता डेस्कटॉप समोर. २००४ मध्ये उबुंटू आलं आणि फुकट सीडी टपालाने घरी पाठवू लागलं. २००८च्या सुमारास एक्सफ्री८६च्या जागी आलेल्या एक्स.ऑर्गला ती आकड्यांची फाइल बहुतेक मशीनवर लागेनाशी झाली.

बहुतेक, सगळ्या नव्हे. मध्ये एखादा केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारा डबा) किंवा जुनी केबल आली आणि ईडीआयडी पोचला नाही, की पडदा १०२४ बाय ७६८वर अडकतो. मग मोडलाइन, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांची ओळ, हाताने लिहायची.