बीटवर पडणारा कट आणि बीटवर पडणारी हालचाल

अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ, म्हणजेच जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या दृश्यांचे तुकडे (क्लिप) एखाद्या गाण्यावर जुळवून केलेला एएमव्ही, करायला बसलेल्या नवख्या एडिटरला सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘कट बीटवर टाक’. सल्ला चुकीचा नाही, पण त्यामुळे दोन निराळ्या गोष्टी एकच असल्यासारख्या वाटू लागतात. पहिल्या गोष्टीत एक दृश्य संपून दुसरे सुरू होण्याचा क्षण तालाच्या ठोक्यावर येतो. दुसऱ्या गोष्टीत दृश्य बदलतच नाही. दृश्याच्या आत घडणारे काहीतरी, म्हणजे तलवारीचा घाव, धाडकन बंद होणारे दार किंवा झटक्यात वळलेली मान, त्या ठोक्यावर येते. एएमव्ही करणाऱ्यांच्या भाषेत पहिल्याला एक्स्टर्नल सिंक आणि दुसऱ्याला इंटर्नल सिंक म्हणतात. पुढे त्यांना बाह्य मेळ आणि अंतर्गत मेळ म्हटले आहे. पाहणाऱ्याला दोन्हींतून चित्र गाण्याशी जुळल्याचाच अनुभव येतो, आणि म्हणूनच दोहोंची गल्लत होते. करणाऱ्याला मात्र हा फरक ठाऊक असलाच पाहिजे, कारण बाह्य मेळ टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा ओळीने मांडतात त्या पट्टीवर, घडतो, तर अंतर्गत मेळ घडायचा की नाही हे बरेचसे क्लिप निवडतानाच ठरून गेलेले असते.

आपल्या व्हिडिओत यांपैकी नेमके काय आहे हे तपासण्याची एक खात्रीची रीत आहे. टाइमलाइनवरच्या प्रत्येक क्लिपच्या जागी तेवढ्याच लांबीचा एकरंगी तुकडा ठेवावा, लाल, मग निळा, मग पिवळा, आणि गाणे वाजवून पाहावे. रंगांच्या बदलातून जो ताल जाणवतो तो सगळा बाह्य मेळ असतो आणि जो नाहीसा झाला तो अंतर्गत. ज्या व्हिडिओचे रंगीत तुकड्यांनी काहीच बिघडत नाही, त्यात क्लिप कोणत्या निवडल्या याला तालाच्या दृष्टीने काही महत्त्व उरलेले नसते, आणि अ‍ॅनिमेसारखे हालचालीने समृद्ध माध्यम हाती असताना असे व्हावे हे मला खरोखर खटकते.

बाह्य मेळाचे गणित सोपे आहे. बहुतेक अ‍ॅनिमे सेकंदाला २४ फ्रेमच्या, म्हणजे २४ स्थिर चौकटींच्या, हिशेबाने तयार होते, व्हिडिओवर तो वेग नेमका २३.९७६ असतो. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम बसतात. पण गाणे १२८ ठोक्यांचे असेल तर हे अंतर सव्वाअकरा फ्रेमचे होते, आणि दर ११ फ्रेमला कट टाकत गेलेला एडिटर १६ ठोक्यांनंतर चार फ्रेम पुढे निघून गेलेला असतो. म्हणून फ्रेम मोजून कट टाकू नयेत. गाण्याचा वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून प्रत्येक ठोक्यावर मार्कर (खूण) लावावा आणि कट मार्करवर आणावा.

या कामासाठी क्लिपकडून फारशा अपेक्षा नसतात. ती पुरेशी लांब असावी, तिच्यावर सबटायटल किंवा श्रेयनामावली छापलेली नसावी आणि पात्र उगाच बोलत नसावे, एवढे पुरते. एक अपेक्षा मात्र नेहमी विसरली जाते, आणि ती एका क्लिपकडून नसून शेजारी येणाऱ्या दोन क्लिपांकडून असते. सारख्याच रंगांचे आणि सारख्याच मांडणीचे दोन चेहरे एकापाठोपाठ आले तर कट अगदी बिनचूक ठोक्यावर असूनही जाणवत नाही. अंधारातून उजेडात, जवळच्या चेहऱ्यावरून दूरच्या डोंगरावर, डावीकडच्या पात्रावरून उजवीकडच्या पात्रावर गेल्याने कटाला वजन येते. म्हणून बाह्य मेळासाठी क्लिप नेहमी जोडीने निवडाव्या लागतात.

अंतर्गत मेळ याच्या उलट एकाच क्लिपच्या पोटात दडलेला असतो, आणि त्याची मुळे अ‍ॅनिमेच्या घडणीत आहेत. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि दर आठवड्याला भाग पुरा करायचा तर चित्रांची संख्या कमी ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवायचे, काही वेळा पात्र पूर्ण स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, पार्श्वभूमीवरून कॅमेरा सरकवायचा, अशा काटकसरीच्या पद्धती तिथून रूढ झाल्या. या काटकसरीने एएमव्ही करणाऱ्यांच्या पदरात मोठी देणगी टाकली. सारखे हलत राहणाऱ्या चित्रात ठसठशीत क्षण सापडणे अवघड असते, पण जिथे पात्र क्षणभर निश्चल राहते आणि मग तीन-चार चित्रांत झेप घेते, तिथे ती झेप ठोक्यासारखी ऐकू येते. मारामारीच्या दृश्यांत घाव बसताना एक-दोन फ्रेमपुरते सगळे चित्र पांढरे-काळे किंवा उलट्या रंगांचे होते. या इम्पॅक्ट फ्रेम म्हणजे अंतर्गत मेळासाठी आयते तयार केलेले ठोकेच असतात. दिग्दर्शक ओसामु देझाकी यांनी एकच हालचाल लागोपाठ तीनदा दाखवण्याची रीत लोकप्रिय केली. गाण्यात सलग तीन आघात असतील तर असे एक दृश्य तीन निरनिराळ्या क्लिपांपेक्षा अधिक काम करते. उलट अ‍ॅनिमेटर इचिरो इतानो यांच्या शैलीतले, धुराच्या रेषा काढत वळणावळणाने धावणाऱ्या क्षेपणास्त्रांचे दृश्य कितीही देखणे असले, तरी त्यात थांबा नाही आणि म्हणून ठोकाही नाही. ते ड्रमच्या एकेका आघातावर बसवण्याचा हट्ट धरू नये. लांबवलेल्या सुरावर किंवा चढत जाणाऱ्या व्हायोलिनवर ते सुंदर बसते.

हालचालीचा ठोका नेमका कुठे असतो, याबद्दलही गैरसमज आहे. हात उगारायला सुरुवात होते ती फ्रेम बीटवर ठेवली जाते आणि मग काहीतरी मागे पडल्यासारखे का वाटते हे कळत नाही. डोळ्याला ठोका जाणवतो तो हालचाल सुरू होताना नव्हे, तर ती थांबते, आदळते किंवा दिशा बदलते त्या क्षणी. गायकाची तान समेच्या कितीतरी आधी निघालेली असते, पण दाद मिळते ती तिने सम गाठली त्या क्षणाला. क्लिपमधली हालचालही तशीच बीटच्या आधीपासून चालत यावी लागते. याचा निवडीवर थेट परिणाम होतो. आघाताच्या आधी मूळ दृश्यात किती फ्रेम उपलब्ध आहेत, हे क्लिप उचलतानाच पाहावे लागते. तलवार पडण्यापूर्वी पाचच फ्रेम असतील आणि गाण्यात मागचा कट १२ फ्रेम आधी पडला असेल, तर ती क्लिप कितीही आवडती असली तरी तिथे बसणार नाही.

जुळणीत किती चूक चालते, याचा एक अंदाज दूरचित्रवाणी प्रसारणाच्या मोजमापांतून मिळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद मागे राहिला की तफावत जाणवू लागते. २४ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम जवळपास ४२ मिलिसेकंदांची असते. म्हणजे आघाताचे चित्र बीटनंतर दोन फ्रेमने आले तर ते चुकल्यासारखे वाटेल, पण तेच दोन फ्रेम आधी आले तर बहुतेकांना कळणारही नाही. हे आकडे संगीतासाठी काढलेले नाहीत आणि जोरकस ड्रमवर कान अधिक कडक असतात, तरीही शंका असेल तेव्हा चित्र बीटनंतर आणण्यापेक्षा किंचित आधी आणावे, एवढा निष्कर्ष मी कामात नेहमी वापरतो.

नियोजनाच्या पद्धतीही यामुळे वेगळ्या होतात. बाह्य मेळासाठी क्लिपांची नोंद पात्र, प्रसंग, रंग आणि भाव यांनुसार केली तरी भागते. अंतर्गत मेळासाठी तशी नोंद जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण ‘नायिका रडते’ या नोंदीतून तिने डोळे कधी मिटले हे समजत नाही. तिथे नोंद क्रियापदाने करावी: आदळणे, वळणे, डोळे उघडणे, पडणे, उडी घेऊन जमिनीवर टेकणे. तिच्यापुढे भाग क्रमांक, आघाताच्या फ्रेमचा टाइमकोड (ती फ्रेम भागात नेमकी कोणत्या वेळी येते तो आकडा) आणि त्याआधीचा मोकळा अवधी लिहावा. गाण्याचीही अशीच यादी लागते, कारण प्रत्येक ठोक्याला हालचाल देता येत नाही आणि देऊही नये. कडव्याचा शेवट, ध्रुवपदाचा पहिला आघात, अचानक आलेली शांतता, ड्रमची एखादी गिरकी, असे मोजके क्षण निवडून त्यांच्यासाठी आधी अंतर्गत मेळाच्या क्लिपा पक्क्या कराव्यात आणि मगच मधल्या जागा बाह्य मेळाने भराव्यात. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सगळे कट बीटवर टाकून मग त्या चौकटींत हालचाली कोंबल्या, तर हवा तो आघात प्रत्येक वेळी चौकटीबाहेर राहतो.

दुरुस्तीच्या वेळी हा फरक अगदी उघड होतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमधील रोल एडिटने दोन क्लिपांमधला कट मागेपुढे सरकतो, पण क्लिपांमधल्या हालचाली गाण्याच्या संदर्भात होत्या तिथेच राहतात. स्लिप एडिटने कट जागचा हलत नाही आणि आतली हालचाल सरकते. म्हणून घाव उशिरा बसत असेल तर रोल करून उपयोग नाही, आणि कट उशिरा पडत असेल तर स्लिप करून उपयोग नाही. चुकीचे अवजार धरून एकच जागा पुन्हा पुन्हा सरकवत बसल्याने अनेकांचा तासन्‌तास वेळ जातो.

वेग बदलून हालचाल जुळवता येते, पण मर्यादेत. चालताना १२ फ्रेमला एक पाऊल ही अ‍ॅनिमेशनमधली नेहमीची चाल असून ती १२० ठोक्यांच्या गाण्यावर आपोआप बसते. ९० ठोक्यांच्या गाण्यात तेच पाऊल १६ फ्रेमचे करावे लागते, म्हणजे वेग ७५ टक्क्यांवर आणावा लागतो, आणि मग काही चित्रे दोन फ्रेम तर काही तीन फ्रेम टिकून चाल अडखळते. तीन-तीन फ्रेमवर काढलेले दृश्य निम्म्या वेगाने चालवले तर सेकंदाला चारच चित्रे उरतात, आणि सॉफ्टवेअरने मधली चित्रे कल्पून भरली तर रेषा फिसकटतात. वेग थोडा वाढवणे त्या मानाने खपून जाते. संथ हालचाल हवी असेल तर मुळात संथ काढलेली क्लिप शोधण्याला पर्याय नाही.

दोन्ही मेळ एकाच फ्रेमवर आणावेत का? घाव बसतो त्याच फ्रेमवर कट टाकण्याचा मोह होतो, पण नव्या दृश्यात नजर स्थिरावायला काही फ्रेम लागतात आणि तेवढ्यात घाव निसटतो. कट आधीच्या ठोक्यावर आणि घाव पुढच्या ठोक्यावर ठेवला तर दोन्ही वाचता येतात. चित्रपटाच्या जगात ही चर्चा जुनी आहे. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांनी १९२९ मध्ये माँटाजचे, म्हणजे चित्रतुकड्यांच्या जुळणीचे, प्रकार मांडताना तुकड्यांच्या केवळ लांबीवर उभा असलेला मेट्रिक प्रकार आणि चौकटीतील हालचालीचाही हिशेब धरणारा ऱ्हिदमिक प्रकार वेगळे केले. ऱ्हिदमिक प्रकारासाठी त्यांनी आपल्याच १९२५ च्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधील ओडेसाच्या पायऱ्यांचे उदाहरण दिले, जिथे पायऱ्या उतरणाऱ्या सैनिकांची पावले कटांच्या तालाशी मुद्दाम जुळत नाहीत आणि त्यातूनच ताण वाढत जातो. एएमव्हीतही कडव्यात कट बीटवर आणि हालचाली बीटच्या मधोमध ठेवून ध्रुवपदात दोन्ही एकत्र आणले, तर गाण्याचा चढ दुप्पट जाणवतो.

गल्लत सर्वांत जास्त होते ती ओठांच्या बाबतीत. गायकाचा शब्द सुरू होताच पात्राचा चेहरा आणला की ते पात्र गात असल्याचा भास होईल असे मानले जाते, पण तो झाला बाह्य मेळ. ओठ हलणे हा अंतर्गत मेळ आहे आणि त्याची जुळणी वेगळी करावी लागते. दूरचित्रवाणीवरच्या अ‍ॅनिमेत बोलणारे तोंड बहुधा बंद, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे अशा तीनच चित्रांत असते, म्हणून प्रत्येक अक्षराच्या मागे लागण्याची गरज नसते. प, ब, म यांवर तोंड बंद सापडावे, लांबवलेल्या ‘आ’वर ते उघडे असावे आणि गायक श्वास घेतो तेव्हा ते मिटलेले असावे, एवढ्या तीन अटी पाळणारी क्लिप यादीतून शोधावी, आणि ती सापडली नाही तर त्या ओळीवर पाठमोरे पात्र घ्यावे.