जमिनीतून आवाज का येतो? किल्लारी, नांदेड, हिंगोली

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि कळमनुरी, औंढा नागनाथ भागातल्या गावांना हा अनुभव नवा नाही. जमिनीखाली धडाम असा आवाज होतो, पत्रे थरथरतात, माणसे अंगणात धावतात. कुणाला विहिरीचा सुरुंग वाटतो, कुणाला विमान. दुसऱ्या दिवशी ‘गूढ आवाज’ अशी बातमी येते. खरे तर त्यात आता फारसे गूढ उरलेले नाही, आणि आवाज ऐकणाऱ्या माणसाला ‘घाबरू नका’ एवढेच सांगून परत पाठवणे मला अपुरे वाटते.

भूकंपाच्या सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरी खडकाला दाबत आणि सैल सोडत पुढे जातात, म्हणजे हवेतल्या आवाजासारख्याच. कठीण बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडात, त्यांचा वेग सेकंदाला 5 ते 6 किलोमीटर, हवेतल्या आवाजाचा जेमतेम 340 मीटर. त्या वर पोचल्या की जमीन हलगीच्या कातड्यासारखी थरथरते आणि हवेत आवाज उमटतो. आपल्या कानाला सेकंदाला साधारण 20 कंपनांपासून पुढचे ऐकू येते. भूकंप दूरचा असेल तर ही जलद कंपने वाटेतच विरतात आणि नुसता हादरा बसतो. पण केंद्र गावाच्या खालीच, थोड्या खोलीवर असेल तर ती शाबूत पोचतात. म्हणून इतका लहान भूकंपही ऐकू येतो, की त्याचा हादरा जाणवतही नाही. आधी आवाज आणि मग धक्का, हा लोकांचा अनुभवही बरोबरच आहे, कारण जोरात हलवणाऱ्या लहरी मागून येतात. 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यात लहान भूकंपांची मालिका सुरू असताना जमिनीचे कंप आणि हवेतला आवाज एकाच वेळी नोंदवले गेले, तेव्हा हा संबंध यंत्रावरही दिसला.

मराठवाड्यात या प्रश्नाला धार आली ती किल्लारीने. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्री, 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे 10 हजार माणसे गेली. तोवर हा भाग देशाच्या नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992 मध्ये किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते, ही आठवण आजही लोकांच्या मनातून जात नाही, आणि ती जाऊही नये. नंतर तिथे 617 मीटर खोल भोक पाडले, तेव्हा 338 मीटरच्या बेसाल्टखाली गाळाचा पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. म्हणजे वरचा काळा दगड अखंड दिसला तरी तो जुन्या, भेगाळलेल्या पायावर बसलेला आहे.

पुढे नोव्हेंबर 2006 पासून नांदेड शहराखाली लहान भूकंपांची मालिका सुरू झाली. धक्के किरकोळ, पण आवाजामुळे लोक रात्री घराबाहेर यायचे. त्यातून मोठा भूकंप झाला नाही. हिंगोलीत मात्र 21 मार्च 2024 ला सकाळी 6 नंतर काही मिनिटांच्या अंतराने 4.5 आणि 3.6 तीव्रतेचे धक्के बसले, आणि 10 जुलैला पुन्हा 4.5 चा. ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले.

पावसाच्या पाण्याचा याच्याशी संबंध असतो का, हे शेतकरी नेहमी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 पासून सुमारे 3,600 मीटर खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरले गेले आणि तिथे भूकंप सुरू झाले. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढला की एकमेकांवर घट्ट बसलेले खडक सरकायला सोपे जातात. मुरलेले पाऊसपाणीही हा दाब थोडा वाढवू शकते. ते भूकंप निर्माण करत नाही, आधीच ताणलेल्या खडकाला निमित्त देते.

लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका आपोआप शमतात, पण कोणती शमेल हे आधी सांगण्याची पद्धत आजही नाही. किल्लारीत बहुतेक जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदांनी, म्हणजे मातीच्या जड सपाट छपरांनी. तशी घरे आजही खेडोपाडी आहेत. आवाज आला की मोबाइलवर वेळ पाहून मिनिटासह लिहून ठेवावी. भूकंपमापकावरच्या नोंदीशी ती जुळते का, हे मग तपासता येते.