साक्षांकन नमुना: ‘निष्ठे’पासून ‘माहिती दडवली’पर्यंत

सरकारी नोकरीत नेमणुकीआधी साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची आणि पूर्वेतिहासाची माहिती लिहून देण्याचा फॉर्म, भरायचा, तो पोलिसांकडे जायचा, तिथून ‘प्रतिकूल काही नाही’ असा शेरा आला की आदेश निघायचा. ही वाट आता इतकी मळलेली आहे, की ती मुळात गुन्हेगार शोधायला नव्हे तर राजनिष्ठा तपासायला पडली, याचा विसर पडतो. कोण कुणात उठतो-बसतो याची नोंद ठाण्यात ठेवण्याची सवय इंग्रजी अमलातली. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती टोकाला नेली: नावनोंदणी, ठरल्या वेळी हजेरी, हद्द ओलांडायची तर पास. तो कायदा 1952 साली गेला, नोंदवह्या मात्र ठाण्यांत राहिल्या.

स्वतंत्र भारतातला महत्त्वाचा टप्पा 1949चा आहे. केंद्रीय सेवा आणि रेल्वे यांच्यासाठी त्या वर्षी राष्ट्रीय सुरक्षेच्या रक्षणाचे नियम आले. त्यांचा सगळा भार ‘विघातक कृत्ये’ या एका शब्दप्रयोगावर होता. कर्मचारी अशा कृत्यांत गुंतलेला असला पाहिजे, अशी अट नव्हती. तसा वाजवी संशय पुरेसा होता. इतकंच काय, त्याच्या विश्वासार्हतेबद्दल शंका यावी अशा रीतीने तो इतरांसोबत वावरत असला, तरी नोटीस देऊन किंवा नोटिशीच्या मुदतीचा पगार हातावर ठेवून त्याची सेवा संपवता येत होती. म्हणजे कृती, संशय आणि संगत या तीन वेगळ्या गोष्टी एकाच नियमात बसवल्या होत्या.

नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रेल्वे कामगारांच्या प्रकरणात हाच मुद्दा होता. आरोप होते कम्युनिस्ट पक्षाशी संबंधाचे आणि संपाच्या तयारीचे. शब्द मोघम आहे, संघटना करण्याचा हक्क हिरावला जातो, शिक्षा करून चौकशीचं संरक्षण दिलं नाही, असं कामगारांचं म्हणणं होतं. 1957 साली न्यायालयाने ते फेटाळलं. कम्युनिस्ट राहायला तुम्ही मोकळे आहात, पण सरकारी नोकरीत कायम राहण्याचा मूलभूत हक्क तुम्हाला नाही, असा निकालाचा आशय. मिळवलेले लाभ जात नाहीत, म्हणून ही बडतर्फी नव्हे आणि चौकशीशिवाय बडतर्फ न करण्याचं राज्यघटनेच्या अनुच्छेद 311चं संरक्षणही लागू नाही. भरल्या संसारात हातातली नोकरी गेलेल्या कामगाराला हा फरक कसा समजावायचा? पुढच्या कितीतरी वर्षांच्या पडताळणीवर या निकालाची छाया पडली.

1966 साली केंद्राने ठरावीक संघटनांची नावं घेऊन त्यांच्या कामात भाग घ्यायला कर्मचाऱ्यांना मनाई केली. त्यातल्या एकीवरची मनाई 2024 साली उठली. मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 1983चा निकाल येतो आणि तो फार कमी वाचला जातो. मध्य प्रदेशातली एक पालिका शाळा सरकारने ताब्यात घेतली, शिक्षकांना सामावून घेतलं, आणि पोलिसांचा अहवाल आल्यावर एका शिक्षकाला जुन्या राजकीय कामावरून काढलं. राजकारण हा गुन्हा नव्हे, सत्ताधारी पक्षाच्या मताच्या लोकांनाच नोकऱ्या द्यायच्या आहेत का, असं न्यायालयाने विचारलं. एरवी अंधारात राहणारे ठाण्याचे अहवाल इथे उजेडात आले, हे या निकालाचं खरं मोल.

त्यानंतर भर ‘कोणत्या विचाराचा’वरून ‘काय लपवलं’वर सरकला. केंद्राच्या नमुन्यातले रकाने नीट वाचा: गेल्या 5 वर्षांत एक वर्षाहून जास्त जिथे राहिलात ते सगळे पत्ते, पाकिस्तानसह परदेशात राहिला असाल तर वयाच्या 21व्या वर्षानंतरचे, 15व्या वर्षापासूनचं शिक्षण, आईवडील आणि भावंडांचं राष्ट्रीयत्व. मग मुख्य प्रश्न: कधी अटक, खटला, स्थानबद्धता, जामीनपत्र, दंड, शिक्षा? परीक्षेला बंदी? आज एखादं प्रकरण प्रलंबित?

यातला ‘जामीनपत्र’, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र, हा भाग सर्वांत घातक. बांधावरून भाऊबंदकीत वाद झाला, की पोलीस दोन्ही बाजूंवर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम 107ची (1 जुलै 2024पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126) चॅप्टर केस, म्हणजे असं बंधपत्र घेण्याची कारवाई, करतात. पोरगा तहसीलदारापुढे उभा राहतो, बंधपत्रावर सही करतो आणि घरी येतो. गुन्हा नाही, शिक्षा नाही, म्हणून फॉर्मवर ‘नाही’ लिहितो. पण विचारलेलं असतं ते बंधपत्राबद्दलच. त्यात चौकशी 6 महिन्यांत पुरी झाली नाही आणि ती पुढे चालवण्याचं खास कारण नोंदवलं नसेल, तर ती आपोआप संपते. मग चौकशी चालू असताना घेतलेलं हंगामी बंधपत्र धरायचं की नाही? नमुना यावर काहीच सांगत नाही. ‘निर्दोष सुटलो, म्हणजे केस नव्हतीच’ ही दुसरी नेहमीची चूक. खटला चालला असेल तर उत्तर ‘होय’ आणि पुढे निकाल.

2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी यावर सविस्तर मार्गदर्शन केलं. क्षुल्लक प्रकरण दडवलं गेलं असेल, तर नेमणूक अधिकारी ते माफ करू शकतो. नमुन्यात नेमकं विचारलंच नसेल, तर दडवल्याचा ठपका येत नाही. आणि खरं लिहूनही पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार मालकाकडे राहतोच. ‘क्षुल्लक’ काय, हे मात्र कार्यालयागणिक बदलतं. एका ठिकाणी सोडून दिलेली चॅप्टर केस दुसऱ्या ठिकाणी नोकरी घालवते, आणि अन्याय होतो तो इथेच.

फॉर्म दिल्यावर अटक झाली किंवा खटला उभा राहिला, तर तेही लगेच लेखी कळवायचं असतं. कळवलं नाही, तर तेही दडवणंच धरलं जातं. चॅप्टर केस असेल तर तहसील कार्यालयातून शेवटच्या आदेशाची प्रमाणित नक्कल आधीच काढावी, रकान्यात ‘होय’ लिहून प्रकरण क्रमांक आणि तारीख घालावी, आणि आदेश सापडत नसेल तर तसं लेखी उत्तर कार्यालयाकडून घेऊन सोबत जोडावं.