चष्मा धूसर, कानामागचे केस स्पष्ट

घरी केलेल्या कॅमेऱ्याने काकांचा पहिला फोटो काढला. फोकस चष्म्यावर केला होता. कागदावर मात्र चष्मा धूसर आणि कानामागचे पांढरे केस मोजून घ्यावेत इतके स्पष्ट! बघणाऱ्या प्रत्येकाचं निदान एकच, ‘लेन्स स्वस्तातली असणार.’ मोबाइलच्या जाहिरातींनी हा समज पक्का केला आहे. माझी १५० मिलिमीटर नाभीय अंतराची जुनी लेन्स निर्दोष होती. घोळ फोकस बघायच्या काचेचा होता.

लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणजे पुढे लेन्स, मागे ४ बाय ५ इंचांची चौकट आणि मधे पेटीला असतो तसा घड्यांचा भाता. चौकटीत आधी घासलेली काच बसवायची, तिच्यावरचं चित्र बघत भाता मागेपुढे करायचा, मग काच काढून तिथेच फोटोचा कागद सरकवायचा. चित्र उलटं दिसतं. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, तीही किरण सरळ रेषेत जातात म्हणूनच. तिथे हात जोडायचे तर प्रकाशाला जोडा.

तर काच. चित्र उमटतं घासलेल्या पृष्ठभागावर, आणि मी तीच बाजू बाहेर, माझ्याकडे केली होती. काच २ मिलिमीटर जाड. मग चूक २ मिलिमीटरची? नाही! काचेत शिरताना किरण वळतात. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती किरण किती वळवते तो आकडा, १.५ धरला, तर ही काच किरणांना २ भागिले १.५, म्हणजे १.३३ मिलिमीटर हवेइतकीच भरते. काका दीड मीटरवर बसले होते. दहावीच्या भिंगाच्या सूत्राने कागद लेन्सपासून १६६.७ मिलिमीटरवर हवा होता, पण तो बसला काचेच्या आतल्या बाजूच्या जागी, म्हणजे १.३३ ने पुढे, १६५.३ वर. तेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते ती १६२ सेंटिमीटरवरची वस्तू. चष्म्यामागे बरोबर १२ सेंटिमीटर!

लेन्सचं छिद्र एफ ५.६ इतकं उघडं ठेवलं आणि ०.१ मिलिमीटरचा धूसर ठिपका चालवून घेतला, तरी कागद जेमतेम ०.६ मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. काच उलटवल्यावरही व्हर्नियरने, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या पट्टीने, काच आणि कागद यांच्या जागेत ०.३ मिलिमीटरचा फरक दाखवला. तो लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी लावून भरला.

घासलेली बाजू ओळखता येत नसेल तर ओलं बोट टेकवा. खरखरीत खाचांत पाणी भरतं, प्रकाश विखुरणं कमी होतं आणि तेवढा ठिपका आरपार दिसू लागतो. ती बाजू लेन्सकडे.